खेळ टिकतो कशाने?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ रायपूरची ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात मुलांमध्ये गेली. मुलं ज्यात रमतात त्याकडे मोठ्यांनी नीट लक्ष द्यावं, एवढा आधार मला आजच्या विषयासाठी पुरेसा वाटला. विषय आहे व्हिडिओ गेम. संतसाहित्य, नाटक, छत्तीसगडातल्या भोसल्यांचा इतिहास अशा विषयांच्या पंक्तीला व्हिडिओ गेम बसवायचा का, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझं उत्तर आहे, बसवायलाच हवा. समोर पस्तिशी-चाळिशीतले जे श्रोते आहेत, त्यांच्या बालपणाचा मोठा तुकडा या खेळांनी व्यापलेला आहे आणि मराठीत आपण त्याबद्दल फार कमी बोललो आहोत.

प्रश्न साधा आहे. दरवर्षी हजारो नवे खेळ येतात. त्यांतले बहुतेक दोन वर्षांनी कुणाला आठवतही नाहीत. मग एखादाच खेळ तीस-चाळीस वर्षांनंतरही मैलाचा दगड म्हणून का उभा राहतो?

अमेरिकेत रोचेस्टर शहरात 'द स्ट्राँग' नावाचं खेळांचं मोठं संग्रहालय आहे. २०१५ साली त्यांनी व्हिडिओ गेमसाठी मानाचं दालन सुरू केलं आणि पहिल्या वर्षी सहा खेळ निवडले: पाँग, पॅक-मॅन, टेट्रिस, सुपर मारिओ ब्रदर्स, डूम आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्यांच्या कसोट्या चार आहेत. खेळ सर्वत्र ओळखला जातो का, तो दीर्घकाळ टिकला का, देशोदेशी पोचला का आणि पुढच्या खेळांवर त्याचा ठसा उमटला का. कसोट्या योग्यच आहेत. पण खेळ मोठा झाल्यानंतरच त्या लावता येतात. तो मोठा का झाला, हे त्यांतून कळत नाही. मला त्या 'का'विषयी बोलायचं आहे.

सोपी उत्तरं आधी बाजूला ठेवू. जो पहिला तो टिकला का? तसं म्हणावं तर १९७२ च्या पाँगच्या आधी १९६२ चा 'स्पेसवॉर' होता, त्याच्याही आधी १९५८ मध्ये एका प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी मांडलेला 'टेनिस फॉर टू' होता. लोकांच्या तोंडी नाव पाँगचंच राहिलं. मग जो दिसायला सर्वांत सुंदर तो? दरवर्षीचं सौंदर्य पुढच्या वर्षी जुनं होतं. जो सर्वाधिक खपला तो? खपलेले आणि विसरलेले खेळ ढिगानं सापडतात.

तर मग काय? माझं म्हणणं असं आहे की मैलाचा दगड ठरणारा खेळ अर्धाच बनवलेला असतो. उरलेला अर्धा त्याच्याभोवती जमलेली माणसं बनवतात. निर्मात्याचं कौशल्य त्या माणसांसाठी जागा सोडण्यात असतं.

पहिली गोष्ट शिकवण्याची. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचं. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलवर आपण जो 'सुप्रभात'चा फोटो पाठवतो, तो याच्यापेक्षा मोठा असतो. जागा इतकी अपुरी की मारिओतले ढग आणि झुडपं यांचा आकार एकच आहे, रंग फक्त बदललेला आहे.

आता त्याचा पहिला पडदा आठवा. मारिओ डावीकडे उभा आहे, तोंड उजवीकडे. मागे जायला वाव नाही, पुढे मोकळी जागा आहे. म्हणजे कुठे जायचं हे कळलं. थोडं पुढे गेलं की समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला धडकलं की मरण, आणि मेलं तरी गेलेत दोनच सेकंद. दुसऱ्या वेळी आपोआप उडी मारली जाते. उडी मारता मारता डोकं चमकत्या चौकोनाला लागतं आणि त्यातून मशरूम बाहेर येतं. ते उजवीकडे सरकतं, पाइपला आपटतं आणि उलटं आपल्याच दिशेनं येतं. घाबरून उडी मारावी तर वर विटांचं छत. मशरूम अंगाला लागतंच, आणि मारिओ मोठा होतो. शत्रूला टाळायचं आणि मशरूमला टाळायचं नाही, हे दोन्ही धडे झाले. पुढे दोन पायऱ्यांमधलं अंतर उडी मारून ओलांडायचं येतं. पहिल्या वेळी खाली जमीन असते, चुकलं तरी चालतं. दुसऱ्या वेळी तीच रचना, खाली मात्र खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. आपल्यातल्या शिक्षक मंडळींनी हा पहिला पडदा एकदा पाठ तयार करण्याच्या नजरेनं पाहावा, अशी माझी विनंती आहे. एक शब्द न वापरता इतकं शिकवणारा धडा क्रमिक पुस्तकात सापडणं कठीण आहे.

हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं. का? नव्वदच्या दशकात आपल्या घरांत जे टीव्ही गेम आले, 'मीडिया', 'लिटल मास्टर' वगैरे, ते बहुतेक जपानी यंत्राच्या नकला होत्या. पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं. आत खरे खेळ मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा. माहितीपुस्तिका नाही. पडद्यावर अक्षरं आली तर इंग्रजी नाहीतर जपानी. खेळ काय आहे, कुठलं बटण कशाचं, हे सांगणारं कुणी नाही. अशा घरात कुठला खेळ टिकेल? जो स्वतःच स्वतःला शिकवेल तो. त्या कॅसेटींनी नकळत एक चाळणी लावली होती. ज्या खेळांना समजावून सांगावं लागे ते आपण दोन मिनिटांत रिसेट केले. मारिओ राहिला, काँट्रा राहिला. रायपूरच्या, नागपूरच्या, अकोल्याच्या मुलांनी केलेली ही निवड जगातल्या जाणकारांच्या निवडीशी इतकी जुळते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट अभावाची. ती थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. शत्रूंची पलटण वरून खाली सरकत येते. त्यांचं यंत्र इतकं मंद होतं की सगळे शत्रू हलवताना धापा टाकायचं. शत्रू मरत गेले की यंत्राचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले भराभर धावू लागायचे. निशिकादोंनी ही खोड दुरुस्त केली नाही, ठेवून दिली. शेवट जवळ आला की छातीत धडधड वाढते ती तिथून. १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती. त्यांनी कंसाची चिन्हं जोडून चौकोन केले आणि टेट्रिस झाला.

पण माझा जीव अडकलाय तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सरांची पाठ वळली की फ्लॉपीवरून सुरू होणारा तो खेळ. जॉर्डन मेकनर या तरुणानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र उतरवून राजपुत्राला चाल दिली. म्हणून तो राजपुत्र कडेला लटकतो तेव्हा आपल्या हाताला रग लागते. या हालचालींनी संगणकाची स्मृती भरून गेली. शत्रूसाठी जागाच उरली नाही. सहकारी म्हणत होते, लढाई हवी, त्याशिवाय मजा नाही. मेकनरनं काय केलं? राजपुत्राचीच चित्रं घेतली, गणिती क्रियेनं ती स्वतःवरच किंचित सरकवून उलटी केली आणि एक चमचमती सावली उभी राहिली. नवी जागा लागली नाही. ही सावली आरशातून बाहेर पडते, आपल्या वाटेत आडवी येते, आपलं औषध पिऊन टाकते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं तर आपण मरतो. तलवार म्यान करायची, पुढे व्हायचं, मग दोघं एक होतात. घड्याळात साठ मिनिटं मोजलेली, आणि त्यात हा प्रसंग. १९८९ चा हा खेळ आहे. सातवी-आठवीतल्या मुलाला तलवार म्यान करायला शिकवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

तलवार म्यान करायची, हे आपल्यापैकी किती जणांना स्वतःहून सुचलं? फार थोड्यांना. कुणीतरी सांगितलं. दादानं, शेजारच्या बाकावरच्या मुलीनं, ट्यूशनमधल्या मित्रानं. इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

१९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा व्हिडिओ गेम पार्लरमधला खेळ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिक्सवर तो बेतलेला. खेळायला चार पात्रं: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. मूळ कथेचा नायक जॅक. पण तुम्ही हसू लागलात, म्हणजे ओळख पटली. आपल्याकडे या खेळाला मूळ नावानं कुणीच ओळखलं नाही. तो 'मुस्तफा'. पिवळ्या टोपीचा, सर्वांत चपळ, धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा.

जगातल्या मानाच्या याद्यांत हा खेळ तुम्हाला सहसा दिसणार नाही. पार्लरमधला तो मूळ खेळ घरच्या यंत्रावर अधिकृतपणे कधी आलाच नाही. कॉमिक्सचे हक्क एकाकडे, खेळाचे दुसऱ्याकडे. अशा खेळाला इतिहासात जागा मिळत नाही. आणि तरी रायपूरपासून दुर्ग-भिलाईपर्यंत, पलीकडे नागपूरपर्यंत, चाळिशीतल्या कुणालाही विचारा. सगळे एकच नाव घेतील. असं का झालं?

ते पार्लर डोळ्यांसमोर आणा. अर्धं खाली ओढलेलं शटर, आत अंधार, सहा-सात पडद्यांचा उजेड. मालकाच्या गल्ल्यात टोकनांचा ढीग. मुस्तफाच्या यंत्राला एका वेळी तिघं खेळू शकायचे, म्हणून तिथे गर्दी सर्वांत दाट. खेळणारे तीन आणि मागे आठ-दहा डोकी. ज्याला पुढचा नंबर हवा तो आपलं टोकन काचेच्या कडेवर ठेवायचा. वही नव्हती, चिठ्ठी नव्हती, पण ती टोकनांची रांग कुणी मोडत नसे. मागचे गप्प बसत का? छे. "ड्रम फोड, ड्रम फोड, अंदर चिकन है." "रुक, पहले उसको आने दे." तिसऱ्या स्टेजला कॅडिलॅक गाडी चालवायला मिळते तेव्हा तर अख्खं पार्लर पुढे झुकलेलं असे.

आता यातला बारकावा बघा. ड्रम फुटला, त्यातून खाणं निघालं. ते उचललं की ताकद भरते. पण उचलेल त्याला, बाकीच्यांना नाही. शेजारी उभा असलेला मुलगा अनोळखी आहे. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातला एक, सिंधी दुकानदाराचा एक, गावाहून मामाकडे आलेला छत्तीसगढी बोलणारा एक. कुणाची लाइफ किती उरली आहे ते पडद्यावर सगळ्यांना दिसतंय. खाणं कुणी घ्यायचं? याचं उत्तर खेळात लिहिलेलं नाही. ते त्या तिघांनी, त्या क्षणी, मागच्या आठ-दहांच्या देखत ठरवायचं. ज्यानं पूर्ण ताकद असताना हावरटपणे उचललं त्याच्याबरोबर पुन्हा कुणी उभं राहत नसे. आणि शेवटची लाइफ गेली की पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची, दहा, नऊ, आठ. मुलगा मागे वळून बघायचा. कधी कधी मागून एक हात पुढे यायचा आणि टोकन आत पडायचं. ओळख ना पाळख. पण पुढचा बॉस येईपर्यंत ते सख्ख्या भावांसारखे लढायचे.

निर्मात्यांनी दिलं काय? चार पात्रं, तीन दांडे, थोडी बटणं, ड्रममधलं खाणं. बाकीचं सगळं, तो शिष्टाचार, ती भाषा, नाव बदलून टाकण्याचा हक्क, हे लोकांनी घातलं. म्हणून तो लोकांचा झाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर ते अप्रामाणिक होईल. त्या पार्लरमध्ये मुली नव्हत्या. घरच्या टीव्ही गेमवर बहिणी होत्या, दुसरा रिमोट त्यांच्या हातात असायचा आणि बहुधा हिरवा मारिओच त्यांच्या वाट्याला यायचा. पण पार्लरचं दार त्यांच्यासाठी बंद होतं. आपण ज्या आठवणींवर इतकं प्रेम करतो, त्यांतून निम्मी मुलं वगळलेली आहेत. जपानच्या तोरू इवातानींनी १९८० मध्ये पॅक-मॅन काढला तो बायका-मुलींनी आणि जोडप्यांनी पार्लरमध्ये यावं, हे मनात धरूनच. आपल्या पार्लरमध्ये तसा विचार कुणी केला नाही.

म्हणून मला पुण्याच्या 'राजी'बद्दल आस्था आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूनं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आणला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी हाक दिली होती, पुरेसा पैसा जमला नाही, तरी ते थांबले नाहीत. कथा एका सर्कशीतल्या मुलीची. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात, ती त्रिशूळ घेऊन निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघतात आणि आपसात तिच्याबद्दल बोलतात. कथेचे तुकडे छायाबाहुल्यांच्या रूपात येतात, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आहेत. राजी खांबांवर चढते, भिंतीवरून उलटी कोलांटी घेते, कारण ती डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली पोर आहे. तिचं अंग जे जाणतं त्यातूनच तिची लढाई येते. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नव्या स्वतंत्र निर्मात्यांच्या गटात तिचं नामांकन झालं.

राजी मैलाचा दगड आहे का? माझं प्रामाणिक मत सांगतो. दिसण्यात आणि धाडसात ती मोठी आहे. लढाईचा पोत मात्र सगळीकडे सारखा जमलेला नाही, आणि ऐन रंगात आलेली कथा चार-पाच तासांत तुटते. पण माझी मुख्य कसोटी वेगळी आहे. ती एकट्यानं खेळायची, चांगलं यंत्र आणि पैसे असतील त्यानं. तिच्याभोवती आठ-दहा डोकी जमली नाहीत. हा तिच्या निर्मात्यांचा दोष नाही, काळ तसा आहे. तिची खरी परीक्षा पुढे आहे: तिला पाहून आणखी किती जण अशा मुली, अशी गावं, अशा गोष्टी रचायला बसतात.

आणि काळ तसा आहे म्हणावं, तर याच काळात पबजीही आला ना? २०१८ मध्ये मोबाइलवर आला आणि चौघं मित्र चार घरांतून एकत्र उतरू लागले. कानात एकमेकांचे आवाज, "मेडकिट किसके पास है?" मुस्तफातल्या चिकनचाच प्रश्न. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली, दुसऱ्या वर्षी तो नाव बदलून परतला, २०२२ मध्ये पुन्हा बंद, २०२३ मध्ये पुन्हा सुरू. मुलं दर वेळी परत गेली. पालकांची काळजी मला मान्य आहे. रात्र रात्र जागणाऱ्या मुलांचे डोळे मीही पाहिले आहेत. पण ती मुलं कशाकडे परत जात होती, हे बघायला हवं. बंदुकीपेक्षा त्या तीन मित्रांकडे.

आता शेवटचा मुद्दा, खेळ जपण्याचा, आणि तो मला सर्वांत तातडीचा वाटतो. २०२२ मध्ये आपल्या राज्यात छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झालं. गेडी, बाटी, भौंरा, फुगडी, पिट्ठुल असे चौदा प्रकार मैदानात उतरले. पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेले खेळ पुन्हा उभे करणं शक्य झालं, कारण बाटीला गोटी लागते, गेडीला बांबू लागतो आणि नियम आजीला ठाऊक असतात. व्हिडिओ गेमचं तसं नाही. त्याला ते यंत्र लागतं. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर एक छोटी बॅटरी असते. ती संपली की आतली गुप्त किल्ली पुसली जाते आणि खेळ धड चालत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठल्याच रूपात मिळत नव्हते. प्रिन्स ऑफ पर्शियाची मूळ आज्ञावली हरवलीच होती. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या डिस्क सापडल्या, आणि तज्ज्ञांनी ती वाचवून सर्वांसाठी खुली केली.

जपून राहिलेल्या खेळाला पुढे काय फुटतं ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका तेरा वर्षांच्या मुलानं जुन्या निन्टेन्डोवरचा टेट्रिस इतका पुढे नेला की यंत्रच गोठलं. त्याच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीचा खेळ. तिथवर कुणी माणूस आधी पोचला नव्हता. तो पोचला, कारण आधीच्या खेळाडूंनी बटणं दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या आणि एकमेकांना शिकवल्या.

आपल्या रायपूरमध्ये कुणाचं खोकं आहे? पार्लर चालवणारे गृहस्थ अजून गावात आहेत. त्यांच्या माळ्यावर एखादा बोर्ड, दांडे, पिशवीभर टोकनं असतील. कुठलं यंत्र कधी आणलं, कुठून आणलं, दुरुस्त कोण करायचं, कुठल्या खेळाला काय नाव पडलं, पोलीस कधी यायचे, परीक्षेच्या दिवसांत धंदा किती पडायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ असेल. आणि घरच्या टीव्ही गेमबद्दल बहिणींना विचारायला हवं. त्यांची हकीकत तर कुणीच टिपलेली नाही.

संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांनी पार्लर चालवलं, ज्यांच्याकडे जुनं यंत्र किंवा कॅसेट आहे, चालू असो वा बंद, ज्यांना नुसतं बोलायचं आहे, त्यांनी नाव आणि सोयीची वेळ लिहावी. ध्वनिमुद्रणासाठी दोन तरुण तयार आहेत आणि ते तुमच्या घरी येतील. मराठीत बोला, हिंदीत बोला, छत्तीसगढीत बोला. बंद पडलेली यंत्रं कृपा करून भंगारात देऊ नका.